बोका दिवसभर बोलतो! उत्तर द्यावं की दुर्लक्ष करावं?

गोटूची_ताई:
नमस्कार मंडळी,

आमच्याकडे गोटू नावाचा बोका आहे. वय चार वर्षं, नसबंदी झालेली, तब्येत ठणठणीत. दिवसभर बोलत असतो. मी खोलीत आले की एक आवाज, खोलीतून निघाले की दुसरा. वाडगं भरलेलं असलं तरी त्याच्याशेजारी उभं राहून भाषण सुरू. खिडकीवर उडी मारायच्या आधी घशातल्या घशात "म्र्र्र" आणि वर पोचला की पुन्हा एक छोटं "म्रँ", म्हणजे मी पोचलो हं. ट्रेमध्ये शी करून आला की घरभर धावत ती बातमी सगळ्यांना द्यायची. रात्री दिवे मालवले की त्याचा कापडी उंदीर तोंडात धरून फिरतो आणि असा खोल, पोकळ सूर लावतो की नवख्या पाहुण्याला वाटावं, कुणीतरी विव्हळतंय.

मला त्याचं बोलणं मनापासून आवडतं आणि मी त्याच्या प्रत्येक वाक्याला उत्तर देते. नवऱ्याचं म्हणणं, "तू उत्तरं देतेस म्हणून तो बोलतो. लक्ष देणं बंद कर, आपोआप गप्प होईल." यावरून घरात दोन तट पडलेत.

तर अशी बोलकी मांजरं ज्यांच्याकडे आहेत त्यांना विचारते: उत्तर द्यावं की दुर्लक्ष करावं? आणि जे मुळातच बडबडं आहे, त्याचं कुठलं ओरडणं काळजीचं, हे कसं ओळखायचं?

शेपटीवाला:
ट्रेमधून आल्यावरची जाहीर घोषणा, हसून हसून पुरेवाट! आमचीही करते. ऐकून घेतल्याशिवाय पुढे जात नाही.

निशाचर:
नवरोबांच्या बाजूने एक मत माझं.

मांजराला आवाजाचा उपयोग फार लवकर कळतो. ओरडलं आणि दार उघडलं, ओरडलं आणि वाडगं भरलं, की संपलं. पहाटे चारला उठवणारी बहुतेक मांजरं आपणच तयार केलेली असतात. दुर्लक्ष करायचं ठरवलं तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: ओरडणं आधी वाढतं, मग कमी होतं. नेहमीच्या आवाजाला दार उघडलं नाही तर बोका दुप्पट जोर लावून बघणार. नेमकी तिथेच माणसं हार मानतात आणि उठतात. मग तो शिकतो की एवढ्या जोरात आणि एवढा वेळ ओरडलं की काम होतं. कधी मिळतं, कधी मिळत नाही, अशा प्रकारात सवय सगळ्यात पक्की बसते. त्यामुळे घरातल्या सगळ्यांचं एकमत व्हायलाच हवं. एकाने गप्प पडून राहायचं आणि दुसऱ्याने हळूच जाऊन खाऊ द्यायचा, असं चालत नाही.

रेवती_स:
निशाचर, पहाटेच्या ओरडण्यापुरतं तुमचं पटतं. पण दिवसभराच्या बोलण्याला हाच नियम लावू नका.

आमची शकू सयामी वळणाची आहे. सयामी, ओरिएंटल, बर्मीज ही मांजरं बोलकी म्हणूनच ओळखली जातात. ती खाण्यासाठी बोलतेच, पण त्याहून जास्त बोलते ती नुसत्या सोबतीसाठी. मी शेजारच्या खोलीत असले की वर चढत जाणारा एक सूर येतो. "आहे गं इथेच" म्हटलं की ती येतसुद्धा नाही, तिथेच पुन्हा आडवी होते. तिला तेवढंच हवं असतं. त्या वेळी मी तोंड मिटून बसले तर ती आधी आवाज वाढवते आणि मग सारखी अंगावर येते, सोडतच नाही. माणसाळलेल्या जिवाने हाक मारावी आणि आपण ओ सुद्धा देऊ नये, हे मला जमत नाही आणि जमवावंसंही वाटत नाही.

माझं सूत्र सोपं आहे. उत्तर द्यायचं, पण ओरडून मागितलेली वस्तू द्यायची नाही. "हो गं, ऐकलं" एवढं म्हणायला काय जातं? खाणं मात्र ठरल्या वेळीच.

गोटूची_ताई:
रेवती, "उत्तर द्यायचं पण वस्तू द्यायची नाही" हे नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणतो, रात्रीच्या उंदराचं काय ते विचार.

जुनं_पान:
विषय माझ्या आवडीचा, त्यामुळे जरा लांबण लावतो.

मोठी झालेली मांजरं एकमेकांशी म्यांव म्यांव करत नाहीत म्हटलं तरी चालेल. पिल्लं आईला हाक मारताना करतात. मोठी मांजरं आपसात वास, शेपटी, कान आणि नजर यांवर भागवतात. भांडण असेल तर फिस्कारणं आणि गुरगुरणं. म्यांव उरतं ते आपल्यासाठी. म्हणजे गोटू जे काही बोलतोय ते खास माणसांना उद्देशून आहे. आणि आपल्या माणसाला काय ऐकू येतं, कशावर ते हलतं, हे हेरून प्रत्येक मांजर आपापली पद्धत बसवतं.

या आवाजांचा अभ्यासही जुना आहे. मिल्ड्रेड मोल्क यांनी १९४४ साली मांजराच्या आवाजांची पद्धतशीर वर्गवारी केली: तोंड मिटून काढलेले, तोंड उघडून मग मिटत काढलेले आणि तोंड उघडंच ताणून धरून काढलेले. गोटूची ताई, तुमचं उडीआधीचं "म्र्र्र" पहिल्या गटातलं. मांजरी पिल्लांजवळ येताना असाच आवाज काढते, म्हणजे ती सलगीची बोली आहे.

स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या सुझान श्योट्झ तर मुळात माणसांच्या उच्चारांच्या अभ्यासक. त्या मांजरांच्या सुरांकडे वळल्या. त्यांच्या नोंदींत खाणं मागतानाच्या म्यांवचा सूर शेवटाकडे चढता आढळला आणि डॉक्टरकडे जातानाच्या म्यांवचा उतरता. या कामासाठी त्यांना २०२१ चं जीवशास्त्राचं इग नोबेलही मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक.

आणि सगळ्यात भारी म्हणजे प्राण्यांच्या आवाजांच्या अभ्यासक कॅरन मॅककोम्ब यांचं २००९ चं काम. खाणं मागताना काही मांजरं जी घुरघुर करतात तिच्यात साधारण २२० ते ५२० हर्ट्झचा एक रडका सूर मिसळलेला असतो. माणसाच्या तान्ह्या बाळाचं रडणं ३०० ते ६०० हर्ट्झच्या घरात येतं. ज्यांनी कधी मांजर पाळलं नव्हतं अशा लोकांनाही ती घुरघुर जास्त निकडीची वाटली. असा सूर लावणारी मांजरं बहुतेक एकाच माणसाबरोबर राहणारी होती.

शेपटीवाला:
म्हणजे आमची बाई पोटावर बसून घुरघुरते तेव्हा ते प्रेम आणि अर्ज दोन्ही एकत्र असतं!

केतकी_म:
जुनं पान, मस्त माहिती. वाचनखूण साठवली.

मला जरा वेगळा प्रश्न आहे. आमची मांजरी सात महिन्यांची आहे. परवापर्यंत अगदी गरीब होती. दोन दिवसांपासून रात्रंदिवस किंचाळतेय, जमिनीवर लोळतेय, सारखी पायांना घासतेय. पाठीवर हात ठेवला की मागचा भाग वर करते आणि शेपटी बाजूला घेते. कुठे दुखत असेल का?

पशुवैद्य_काका:
केतकी, वर्णनावरून ती माजावर आली आहे. दुखत नाहीये, बोक्याला बोलावतेय. जोडा मिळाला नाही तर हा माज ओसरतो आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा येतो. दिवस मोठे असतात त्या काळात हे चक्र चालूच राहतं. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते, त्यामुळे सध्या दारं-खिडक्या नीट बघा आणि नसबंदीसाठी डॉक्टरांची वेळ घ्या. शस्त्रक्रियेनंतर हे ओरडणं थांबतं. बोक्यांचं रात्रीचं ओरडणं, भटकणं आणि घरात लघवीचे फवारे मारणंही नसबंदीने बहुतेक वेळा खूप कमी होतं.

केतकी_म:
काका, खूप आभार. जिवात जीव आला. आत्ताच खिडकीची जाळी तपासली.

सडाफटिंग:
आमच्या ओळखीत एकांनी पाण्याची फवारणीची बाटली ठेवली होती. ओरडलं की तोंडावर एक फवारा. चार दिवसांत मांजर गप्प. गोटूवर करून बघा.

रेवती_स:
सडाफटिंग, कृपया हे कुणी करू नका. मांजराला एवढंच कळतं की या माणसाजवळ गेलं की तोंडावर पाणी बसतं. ते गप्प होतं कारण घाबरतं. मागणं तसंच राहतं, फक्त तुमच्याकडे येणं बंद होतं. पुढे मग सोफ्यामागे लपणं, ट्रेबाहेर शी-शू असले प्रकार सुरू झाले की माणसं म्हणतात, "अचानक बिघडलं".

पशुवैद्य_काका:
रेवतींना प्रचंड अनुमोदन. आणि याच ओघात सांगून ठेवतो, कारण रात्रीच्या ओरडण्याला कंटाळून लोक विचारतात: आपल्या घरातलं कुठलंही औषध मांजराला देऊ नका, झोपेचं तर नाहीच. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, त्यांच्या यकृताला ते पचवता येत नाही.

सडाफटिंग:
फवाऱ्याचं मागे घेतो. हा विचार केला नव्हता.

आजोळ:
गोटूची ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

आमची सोनी आयुष्यभर अबोल. तेरा वर्षांची झाल्यावर रात्री ओरडायला लागली. पोकळ आवाज, कुणाला उद्देशून नाही, भिंतीकडे तोंड करून. त्याच सुमारास तिची भूक जबरदस्त वाढली होती आणि आम्ही सगळे खूश होतो की म्हातारपणी छान जेवते आहे. पण उचलून घेतल्यावर पाठीचा कणा बोटांना लागायचा. खातेय भरपूर आणि उतरतेय, हे गणित बहिणीला खटकलं. रक्ततपासणीत टी-४ हे थायरॉइडचं संप्रेरक चांगलंच वाढलेलं निघालं. औषध सुरू झालं, वजन परत चढलं आणि रात्रीचं ओरडणंही बरंच निवळलं.

घरात रोज बघणाऱ्याला उतरतं वजन दिसत नाही. त्यामुळे माझं आग्रहाचं सांगणं, मांजर म्हातारं असेल तर दर महिन्याला वजन करून लिहून ठेवा. आधी स्वतः काट्यावर उभं राहायचं, मग मांजर घेऊन, आणि वजाबाकी करायची.

पशुवैद्य_काका:
आजोळ यांनी अगदी नेमकं लिहिलं आहे. दहा वर्षांपुढच्या मांजराचं ओरडणं नव्याने सुरू झालं किंवा वाढलं तर "वयामुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका. थायरॉइड, रक्तदाब, मूत्रपिंड, सांधे, दात हे सगळं तपासावं लागतं. रक्तदाब फार चढला तर दृष्टी अचानक जाऊ शकते आणि गोंधळलेलं मांजर ओरडत राहतं. मांजरांचा रक्तदाब मोजता येतो, लहान पट्टा पायाला किंवा शेपटीला बांधून. हे सगळं ठीक निघालं तर म्हातारपणचा विसराळूपणाही असतो. मांजर ओळखीच्या घरात हरवल्यासारखं करतं, झोपेच्या वेळा उलट्या होतात. अशा वेळी रात्रीचा मंद दिवा, सामान जागच्या जागी ठेवणं आणि जवळ ट्रे असणं यांचा खरंच उपयोग होतो.

पांढरी_मनी:
आमची मनी पांढरीशुभ्र आहे, दोन्ही डोळे निळे. अशा मांजरांत जन्मतः बहिरेपणाचं प्रमाण बरंच जास्त असतं आणि ती बहिरीच आहे. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे सगळं बोलणं टिपेला. तिला हाक मारायची सोय नाही म्हणून आम्ही जमिनीवर दोनदा पाय आपटतो, तो कंप तिला कळतो. अंधार झाल्यावर दिवा चालू-बंद करतो. झोपेत हात लावायचा नाही, आधी जवळ बसून गादी दाबायची. हे ठरल्यापासून तिचं "कुठे आहात सगळे" वालं ओरडणं खूप कमी झालं. ती दारात उभी राहून ओरडते, मी नजरेस पडते आणि हात हलवते, झालं, तोंड मिटतं.

तात्पर्य, रेवती म्हणतात तसं उत्तर हवंच असतं. आमचं उत्तर हाताने द्यावं लागतं एवढंच.

जुनं_पान:
पांढरी मनी, किती सुंदर लिहिलंत.

अवांतर: कुळातल्या इतरांचं बघा. सिंह आणि वाघ डरकाळी फोडतात. चित्त्याला डरकाळी येतच नाही. तो घुरघुरतो, म्यांव करतो आणि पिल्लांना बोलावताना पक्ष्यासारखा चिवचिवतो! मार्गे नावाचं दक्षिण अमेरिकेतलं रानमांजर तर ॲमेझॉनच्या जंगलात २००५ साली टॅमरिन माकडाच्या पिल्लासारखा आवाज काढताना अभ्यासकांनी पाहिलं. माकडं चौकशीला जवळ आली, पण वेळीच सावध होऊन निसटली.

शेपटीवाला:
अवांतरात अवांतर: खिडकीबाहेर पक्षी दिसला की जबडा थरथरवत "कॅकॅकॅकॅ" कोण कोण करतं? आमच्याकडे रोज सकाळी प्रयोग असतो. मिशा पुढे, शेपटीचं फक्त टोक हलतंय, बाकी अंग दगड.

केतकी_म:
आमच्याकडेही! पालीलासुद्धा.

मधला_दरवाजा:
सगळा धागा वाचला. एक अनुभव लिहायलाच हवा, बोके असलेल्यांनी जरूर वाचा.

आमचा बंड्या बडबड्या होता, अगदी गोटूसारखा. त्यामुळे त्याच्या आवाजाला आमचे कान सरावलेले. एके संध्याकाळी तो ट्रेमध्ये गेला आणि तिथून एक आखूड, दबलेला, घशात अडकल्यासारखा आवाज आला. नेहमीचा पल्लेदार सूर नव्हताच तो. बाहेर आला, दोन पावलं चालला, पुन्हा आत जाऊन बसला. पुन्हा तोच आवाज. बायको ट्रेजवळ वाकून बसली आणि म्हणाली, रेती कोरडी आहे. तो इतका वेळ जोर करतोय आणि एक थेंब नाही. पोटाला हात लावू देईना, मधेच खाली चाटत होता. त्याच रात्री डॉक्टरांकडे नेलं. मूत्रमार्ग पूर्ण बंद झाला होता. भूल देऊन कॅथेटर (लघवी काढायची नळी) घातला, काही दिवस सलाइनवर ठेवला. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असतात तर कठीण होतं. आता बरा आहे. ओलं खाणं आणि भरपूर पाणी यावर भर आहे आणि बडबड पूर्वीसारखीच चालू आहे. ती ऐकू आली की आम्हा दोघांनाही बरं वाटतं.

पशुवैद्य_काका:
मधला दरवाजा, तुमच्या सौंना सलाम. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, खडे किंवा चिकट बोळा अडकून तो बंद होतो. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बोका वारंवार ट्रेमध्ये बसतोय, ओरडतोय आणि लघवी होत नाहीये, तर ती तातडीची वेळ आहे. सकाळची वाट बघायची नाही. बद्धकोष्ठ असेल म्हणून घरगुती उपाय करत बसायचं नाही.

गोटूची_ताई, एक सुचवतो. गोटूचे नेहमीचे आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवा: भुकेचा, दाराचा, उंदराचा. उद्या काही वेगळं वाटलं तर तोही रेकॉर्ड करा आणि दोन्ही डॉक्टरांना ऐकवा. दवाखान्यात आल्यावर मांजर तोंड उघडत नाही, त्यामुळे आम्हाला याचा फार उपयोग होतो.

निशाचर:
मधला दरवाजा यांचा अनुभव वाचून माझं मत थोडं बदललं. सरसकट कानाडोळा करणाऱ्या घरात तो दबलेला आवाज निसटला असता. पहाटेच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे.

गोटूची_ताई:
सगळ्यांचे खूप खूप आभार. मधला दरवाजा यांचा प्रतिसाद नवऱ्याने दोनदा वाचला आणि आज स्वतः रेती बघून आला, ओलं-कोरडं सगळं.

आमचं आता असं ठरलं आहे. दिवसा गोटूशी बोलायचं, दोघांनीही. खाणं ठरल्या वेळी. पहाटे कुणीही उठायचं नाही. आवाज रेकॉर्ड करायला सुरुवात केली आहे. "दार" आणि "भूक" यांतला फरक फोनवर परत परत ऐकल्यावर नवऱ्यालाही कळला. दाराचा आवाज आखूड आणि तुटक आहे, भुकेचा शेवटाला चढतो, श्योट्झबाईंनी नोंदवलाय तसाच!

फक्त रात्रीचा उंदीर राहिला. त्याचं काय करू?

पशुवैद्य_काका:
शिकार आणण्याचा प्रकार आहे तो, त्यात काळजीचं काही नाही. मांजरं मुळात पहाटे आणि तिन्हीसांजेला चपळ होतात, आपण झोपलो की त्यांना करायला काही उरत नाही. झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं दोरीच्या खेळण्याने त्याला पळवा. शेवटी खेळणं त्याच्या पंजात सापडू द्या, नाहीतर चिडचिड होते. लगेच रात्रीचं खाणं द्या. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप, हा त्यांचा क्रम आहे. पहाटेसाठी वेळ लावता येणारं खाण्याचं यंत्र मिळतं. मग तो तुमच्याऐवजी यंत्रासमोर बसेल.

रेवती_स:
आणि उंदीर रात्रीपुरता कपाटात ठेवायचा असेल तर खेळ संपल्यावरच ठेव गं. त्याच्या तोंडातून काढून घेऊ नकोस.

गोटूची_ताई:
काढून घेणार नाही. आज रात्रीपासून खेळ सुरू, दोरी नवऱ्याच्या हातात देते. पंधरवड्याने इथेच लिहिते काय फरक पडला ते. केतकी, तुझ्या मांजरीच्या शस्त्रक्रियेचंही कळव.

केतकी_म:
हो, पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली आहे. तोवर खिडक्या बंद आणि कानात कापूस.